पाच सुरांवर चार आवाज

१७९४च्या नोव्हेंबरात स्कॉट कवी रॉबर्ट बर्न्सने एडिंबराच्या जॉर्ज थॉमसनला एक पत्र लिहिलं. त्यात एका चालीच्या जन्माची हकीकत आहे. एडिंबरातल्या जेम्स मिलर नावाच्या वकिलांना आपल्या हातून एखादी अस्सल स्कॉट चाल व्हावी अशी फार हौस होती. ऑर्गनवादक स्टीफन क्लार्क यांनी त्यांना थोडं थट्टेनेच सांगितलं: हार्पसिकॉर्डच्या फक्त काळ्या पट्ट्यांवर बोटं ठेवा, कसली तरी लय धरा, स्कॉट चाल झालीच म्हणून समजा. थोड्या दिवसांनी मिलर खरोखरच एक कच्ची चाल घेऊन आले. क्लार्कनी तिच्यावरून हात फिरवला. डून नदीच्या काठांना उद्देशून बर्न्सने लिहिलेलं ‘ये बँक्स अँड ब्रेज’ त्या चालीवर बसलं आणि १७९२ साली जेम्स जॉन्सनच्या ‘स्कॉट्स म्युझिकल म्युझियम’च्या चौथ्या खंडात छापून आलं. त्याच पत्रात बर्न्स पुढे लिहितो, की ही चाल आयर्लंडमधली आहे असं छातीठोकपणे सांगणारे लोक मला भेटलेत, आणि आइल ऑफ मॅनमधल्या एका फिरत्या पायपरकडून ती इकडे आली असं सांगणाऱ्या एक सरदारीणबाईही भेटल्यात.

काळ्या पट्ट्या म्हणजे पाच सूर: सा रे ग प ध. भूप ऐकत वाढलेल्या माणसाला स्कॉटलंडची कितीतरी गाणी पहिल्यांदा ऐकतानाच ओळखीची का वाटतात, याचं उत्तर क्लार्कच्या त्या थट्टेत आहे. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्री जगभर म्हटलं जाणारं ‘ऑल्ड लँग साइन’सुद्धा याच पाच सुरांचं. सगळ्याच चाली अशा नाहीत. कित्येकींत कोमल निषाद ठाण मांडून बसलेला असतो, काहींचा तोंडवळा काफीच्या जवळचा असतो. पण म आणि नी वर्ज्य करणाऱ्या चाली इतक्या आहेत, की त्या दोन रिकाम्या जागांचं काय करायचं हा प्रश्न ही गाणी बसवणाऱ्या प्रत्येकापुढे उभा राहतोच. मी ग्लासगोत एका छोट्या गटात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते आणि त्या गटासाठी स्कॉट गाणी चार आवाजांत बसवते. वाद्य कुणाच्याही हातात नसतं. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: ज्यांनी या गाण्यांना इतर आवाजांची जोड देताना त्या रिकाम्या जागांचा मान राखला, त्यांचंच काम मला पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटतं.

साथीविना गाणं ही स्कॉटलंडमध्ये सुरुवातीला आवड नव्हती, शिस्त होती. १५६०च्या धर्मसुधारणेनंतर तिथल्या चर्चमधून ऑर्गन गेले. राहिली ती बायबलमधली स्तोत्रं, सगळ्या मंडळीने मिळून म्हणायची. १६३५ साली एडवर्ड मिलरने स्तोत्रांच्या चाली चार आवाजांत छापल्या. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मुख्य चाल टेनरकडे, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजाकडे. पण १६५०चा जो स्तोत्रसंग्रह पुढे घरोघरी गेला, त्यात नुसते शब्द होते. चाली विसरत विसरत मंडळींच्या तोंडी जेमतेम बारा उरल्या. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी प्रिसेंटर पुढे उभा राहून एकेक ओळ आधी म्हणायचा, मग मंडळी ती ओढत ओढत म्हणायची. जो तो आपापल्या परीने मध्ये हरकती घालायचा. ही रीत सोय म्हणून आली, आणि पुढे लोकांना इतकी प्रिय झाली की ती बंद करायला निघालेल्या पाळकांना मंडळींचा रोष पत्करावा लागला.

मग १७५०च्या दशकात थॉमस चॅनन नावाचा एक इंग्रज शिपाई ॲबर्डीनशायरात आला. मॉनिमस्कचे जमीनदार सर आर्चिबाल्ड ग्रँट यांच्या आश्रयाने त्याने गावकऱ्यांना पुन्हा चार आवाजांत गायला शिकवलं. बघता बघता गावोगाव गायनवर्ग निघाले, आणि त्याबरोबर एक अडचण आली. स्तोत्राचे शब्द पवित्र. ते तालमीत चुकतमाकत, थांबत, दहादा म्हणायचे कसे? तेव्हा त्याच मात्रांत बसणाऱ्या साध्या संसारी ओळी रचल्या गेल्या. तालमीत त्या म्हणायच्या, आणि रविवारी तीच चाल खऱ्या शब्दांनिशी गायची. या सरावाच्या कडव्यांत प्रेम होतं, निसर्ग होता, कधी शेजारच्या गावाची टिंगलही होती. विणकर, लोहार, शेतमजूर आठवड्यातून एक संध्याकाळ अशी स्कॉट बोलीतली कडवी चार आवाजांत म्हणत बसले असतील, तेव्हाच लोकांच्या गाण्याची आणि चार आवाजांच्या शिस्तीची सोयरीक जुळायला लागली, असं मला वाटतं. चर्चमध्ये ऑर्गन परतायला १८६०चं दशक उजाडलं, आणि तेव्हाही वाद झालेच. तीनशे वर्षं वाद्याशिवाय गाणाऱ्या लोकांचा कान वेगळा तयार होतो.

दिवाणखान्यात मात्र निराळंच चाललं होतं. बर्न्सने ज्याला ते पत्र लिहिलं तो थॉमसन एडिंबरातल्या एका सरकारी मंडळात कारकून होता आणि स्कॉट चालींचा शौकीन. या चाली युरोपच्या नामवंतांकडून सजवून घ्यायच्या अशी त्याची जिद्द. १७९३पासून त्याचे खंड निघू लागले. प्लेयेल, कोझेलुख, हायडन, पुढे बेथोवन, सगळ्यांना त्याने व्हिएन्नापर्यंत पत्रं लिहून कामाला लावलं. पियानो, व्हायोलिन, चेलो अशी साथ. हायडनने वेगवेगळ्या प्रकाशकांसाठी मिळून सुमारे चारशे चाली सजवल्या. बेथोवनची तक्रार होती की चालीबरोबर शब्द पाठवत नाहीत, मग गाणं कशाबद्दल आहे हे मला कळावं कसं? थॉमसनची उलटी तक्रार, की तुमची साथ आमच्या एडिंबरातल्या मुलींना वाजवायला अवघड जाते. बर्न्सने थॉमसनकडून गाण्यांचे पैसे घ्यायला नकार दिला. हे आपल्या देशाचं काम आहे अशी त्याची भावना होती.

या साथींत सुंदर जागा आहेत. पण चालीचं काय होतं ते पाहण्यासारखं आहे. युरोपीय संगीताचा संसार तीन कॉर्डवर, म्हणजे एकाच वेळी लावलेल्या सुरांच्या जुळणीवर, चालतो: सा-ग-प, म-ध-सा आणि प-नी-रे. यातली फक्त पहिली पाच सुरांत बसते. दुसरीला म हवा, तिसरीला नी. म्हणजे नेहमीच्या वाटेने साथ द्यायची म्हटलं, की चालीने जे दोन सूर टाळले तेच साथीतून सतत कानावर पडतात. पाच सुरांच्या आत राहायचं तर पुऱ्या कॉर्ड दोनच सापडतात: सा-ग-प आणि ध-सा-ग. बाकी उरतात त्या मोकळ्या जोड्या: प-रे, रे-ध. मधला सूर नाही, त्यामुळे कॉर्ड हसरी की उदास हे ठरत नाही. पियानोवर अशी मोकळी जोडी ओकीबोकी लागते. माणसांच्या गळ्यातून आली तर ती घुमते. बॅगपाइपचा अखंड खर्ज ऐकत आलेल्या कानाला ती परकी वाटत नाही, आणि तंबोऱ्यासमोर बसलेल्या कानालाही नाही.

एकोणिसाव्या शतकाचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं बरंचसं संगीत गोड, गोल आणि एकसारखं आहे. पेझलीचे आर. ए. स्मिथ मात्र वेगळे. ते विणकर घरातले, पुढे पेझली ॲबीचे प्रिसेंटर आणि विणकर कवी रॉबर्ट टॅनाहिलचे मित्र. १८२१ ते १८२४ या काळात त्यांनी ‘द स्कॉटिश मिन्स्ट्रेल’चे सहा खंड काढले. चर्चची समूहगायनाची शिस्त आणि मागावर बसून म्हटलेली गाणी, दोन्ही एकाच माणसात होती. दुसरे पर्थचे डेव्हिड केनेडी. तेही आधी प्रिसेंटर. नंतर आपल्या मुलामुलींना घेऊन ते स्कॉट गाण्यांचे जलसे करत जगभर फिरले. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थानसुद्धा. परदेशात राहिलेल्या स्कॉट लोकांसाठी हे घरच्या आवाजाचं येणं होतं. १८८१ साली फ्रान्समधल्या नीस शहरात नाटकगृहाला लागलेल्या आगीत त्यांची तीन मुलं गेली. मागे राहिलेली मार्जरी पुढे केनेडी-फ्रेझर म्हणून हेब्रिडीज बेटांवरच्या गेलिक गाण्यांच्या संग्रहांनी प्रसिद्ध झाली. तिचा पहिला खंड १९०९चा.

हिंदुस्थानचा उल्लेख आला म्हणून आमच्या घराचं सांगते. माझे आजोबा जालन्याचे. नारायण शेषाद्रींनी फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने जालन्याजवळ बेथेल वसवलं, त्या परिसरातलं आमचं घराणं. रविवारच्या उपासनेत दोन्ही तऱ्हेची गीतं असायची, टाळांवरची भजनंही आणि पाश्चात्त्य चालीवरचीही. आजोबांना सोल्फा येत होतं. त्यांच्या वहीत सुरांच्या जागी d r m f s l t या रोमन अक्षरांच्या रांगा होत्या, मध्ये अपूर्णविराम आणि आडव्या रेघा. लहानपणी ती मला गुप्त लिपी वाटे. ग्लासगोत जुन्या कॉयरच्या छापील पानांवर तीच अक्षरं पाहिली तेव्हा समजलं, की हे इथल्या कामगारवर्गाचं संगीताचं वाचन आहे.

सोल्फाची मूळ कल्पना नॉरिचच्या सेरा ग्लोव्हर या बाईंची. जॉन कर्वेन या पाळकांनी १८४०च्या दशकापासून ती पसरवली. पाच रेघांची स्वरलिपी शिकायला वेळ लागतो, छापायला पैसा लागतो. सोल्फा साध्या खिळ्यांनी छापता येतं. अपूर्णविराम मात्रा तोडतो, आडवी रेघ सूर लांबवते. आणि षड्ज हलता आहे. म्हणजे आपण ज्या पट्टीत सुरू करू तो सा, बाकीचे सूर त्याच्या नात्याने. आपल्याला यात नवल नाही. पण गिरणीत आणि गोदीत काम करणाऱ्या माणसाला यामुळे संध्याकाळच्या तालमीला येऊन नवं गाणं कागदावरून थेट म्हणता येऊ लागलं. स्कॉटलंडच्या शाळांतून सोल्फा शिकलेल्या पिढ्या तयार झाल्या नसत्या, तर पुढे जे घडलं ते घडलं नसतं.

पुढचं नाव ह्यू रॉबर्टन. जन्म १८७४, ग्लासगो. घरचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. संगीतशाळेत गेले नाहीत, स्वतःच शिकले. ग्लासगोच्या टॉयनबी हाऊसमध्ये कामकरी लोकांसाठी चालणाऱ्या मंडळातलं गायनपथक त्यांच्या हाती आलं आणि १९०६मध्ये त्याचं नाव ग्लासगो ऑर्फियस कॉयर झालं. सगळे हौशी लोक, दिवसा नोकऱ्या, रात्री तालीम. पंचेचाळीस वर्षं रॉबर्टननीच ते पथक चालवलं. एचएमव्हीच्या तबकड्यांनी त्यांचा आवाज घराघरांत नेला. स्कॉटलंडमधल्या सत्तरीपुढच्या माणसाला विचारा, त्याच्या आईवडिलांकडे ऑर्फियसची एखादी तबकडी बहुधा असतेच.

त्या तबकड्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. रॉबर्टनची पद्धत ऐकून लगेच ओळखू येते. चाल वरच्या बायकांकडे. खालचे तीन आवाज शब्द सोडून मिटल्या ओठांनी गुणगुणतात. शब्दांचा उच्चार इतका स्वच्छ की शेवटचं व्यंजन सगळ्यांचं एकाच क्षणी पडतं. आणि हळू आवाजावरची हुकमत! साठ-सत्तर माणसं इतकं हळू गाऊ शकतात यावर विश्वास बसत नाही, आणि तरी त्या हळू आवाजात ताण असतो. ‘एरिस्के लव्ह लिल्ट’सारखं केनेडी-फ्रेझरच्या संग्रहातलं गाणं त्यांनी असं बसवलं, की आजही अनेकांना ते गाणं म्हणजे तीच मांडणी वाटते. ‘मारी’ज वेडिंग’ मूळचं गेलिक. मॉड या गेलिक महोत्सवातल्या गायनस्पर्धेत सुवर्णपदक मिळवलेल्या एका गायिकेसाठी ते १९३४च्या सुमारास रचलं गेलं. आज सर्वतोमुखी असलेले त्याचे इंग्रजी शब्द रॉबर्टनचे. तेविसाव्या स्तोत्राची ‘क्रिमंड’ ही चाल ईशान्य स्कॉटलंडमधली. ऑर्फियसने ती दूरवर पोहोचवली आणि १९४७मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नात ती गायली गेली.

माणूस करारी होता. शांततावादी होता आणि ते लपवत नव्हता. दुसऱ्या महायुद्धात बीबीसीने याच कारणावरून रॉबर्टन आणि त्यांच्या पथकाचं प्रसारण बंद केलं. त्याच्या निषेधार्थ इंग्रज संगीतकार व्हॉन विल्यम्सनी बीबीसीसाठी केलेली आपली रचना परत घेतली. स्वतः व्हॉन विल्यम्स युद्धाच्या बाजूचे, तरीही. १९४१च्या मार्चमध्ये चर्चिल यांनी पार्लमेंटात सांगितलं, की शांततावादी मतांमुळे कुणी बेसूर होतो असं मानायला आधार नाही, आणि बंदी उठली. मला या प्रकरणात व्हॉन विल्यम्स फार मोठे वाटतात. त्यांना हे संगीत आतून ठाऊक होतं. ‘का द योज’ हे बर्न्सचं मेंढ्या राखणारीचं गाणं त्यांनी १९२२ साली एका टेनरसाठी आणि समूहासाठी मांडलं. त्यात समूह चालीच्या मागे उभा राहतो, तिच्या अंगावर येत नाही.

रॉबर्टनच्या मांडणीत म आणि नी भरपूर आहेत, गोडवाही कधी कधी जास्त होतो. शेवटच्या ओळीला लय इतकी ओढतात की मेंढपाळाचं गाणं प्रार्थनेसारखं होऊन बसतं. हे सगळं खरं. तरीही मी त्यांना नाकारणाऱ्यांत नाही. एका कामगार शहरातल्या सामान्य माणसांना आपल्याच बोलीतली गाणी जगातल्या कुठल्याही व्यासपीठावर मान वर करून म्हणण्याइतकी मोठी आहेत, हे त्यांनी दाखवून दिलं. ऑर्फियसचं जे व्यासपीठ होतं ते सेंट अँड्र्यूज हॉल्स १९६२ साली जळलं. त्याची दर्शनी भिंत आज मिचेल ग्रंथालयाच्या मागच्या बाजूला उभी आहे.

१९५१मध्ये ऑर्फियस विसर्जित झालं. पुढच्या वर्षी रॉबर्टन गेले. मागे राहिलेल्या गायकांनी फिनिक्स नावाने नवं पथक बांधलं, ते अजून गातं. त्याच १९५१मध्ये अमेरिकन संग्राहक ॲलन लोमॅक्स ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन स्कॉटलंडभर फिरला. बरोबर कवी हॅमिश हेंडरसन होता. त्याच वर्षी एडिंबरा विद्यापीठात स्कूल ऑफ स्कॉटिश स्टडीज सुरू झालं. आणि त्याच वर्षी एडिंबराच्या पीपल्स फेस्टिव्हलमध्ये हेंडरसनने शेतमजूर आणि बेटांवरचे गायक लोकांपुढे आणून उभे केले. एका युगाने दार ओढून घेतलं आणि त्याच सुमारास दुसऱ्याने उघडलं.

१९५३ साली हेंडरसनला ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटली. भटक्या ट्रॅव्हलर समाजातली, चाळिशीतली गृहिणी. तिच्याकडे आईकडून आलेल्या जुन्या कथागीतांचा साठा होता. ती एकटी गायची. साथ नाही, दुसरा आवाज नाही. संथ, भरदार, प्रत्येक कडव्यात चाल जराशी वळवत. तिचं मुद्रण ऐकताना मला पहिल्यांदा प्रश्न पडला, की यात आणखी तीन आवाज घालायचा मला काय अधिकार? हा प्रश्न नव्या लोकगीत चळवळीतल्या पुष्कळांना पडला, आणि काहींनी उत्तर दिलं: काहीही नाही. स्कॉट परंपरा एका आवाजाची आहे, कॉयरने तिला झगे चढवले. या मताला वजन आहे. १ जुलै १९९९ रोजी स्कॉटलंडचं नवं पार्लमेंट उघडलं तेव्हा शीना वेलिंग्टनने बर्न्सचं माणसामाणसांतल्या समतेचं गाणं एकटीने, साथीविना म्हटलं. शेवटच्या कडव्याला सभासदांनी सूर मिळवला. सगळे एकाच चालीत. कुणी दुसरा आवाज धरला नाही, आणि त्या दिवशी तेच योग्य होतं.

पण एकत्र गाणाऱ्या माणसांना फार काळ एकाच सुरात थांबवता येत नाही. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या हल शहरातल्या वॉटरसन कुटुंबाने साथीविना, राकट आवाजात, कॉयरचा कुठलाही सोपस्कार न पाळता वेगवेगळ्या आवाजांत गाणी म्हटली. ते ऐकून सगळ्या ब्रिटनमधल्या लोकगायकांना धीर आला. ग्लासगोत गॉर्डियाना मॅकलक यांनी युरिडिसी हे बायकांचं पथक घडवलं. त्या स्वतः परंपरागत गायकीतल्या असल्यामुळे त्यांच्या पथकात स्कॉट शब्द स्कॉट तोंडातूनच येत, इंग्रजी संगीतशाळेच्या गोल उच्चारांत नाही. एडिंबरात सँगस्ट्रीम हे लोकगीतांचं पथक उभं राहिलं. दुसऱ्या टोकाला संगीतकार जेम्स मॅकमिलन. त्यांनी बर्न्सचं ‘रेड रेड रोज’ १९९२ साली ‘सो डीप’ या नावाने मांडलं, आणि पुढे ‘द गॅलंट वीव्हर’ पेझली ॲबीच्या पथकासाठी लिहिलं. बर्न्सच्याच शब्दांना लावलेल्या या दुसऱ्या रचनेत बायकांचे आवाज एकाच रेषेला आपापल्या हरकती घालत एकमेकींच्या मागे येतात. प्रिसेंटरच्या मागे ओढत गाणारी ती जुनी मंडळी मला तिथे ऐकू येते. आर. ए. स्मिथ ज्या चर्चमध्ये उभे राहून गायचे तिथेच हे घडलं.

आमच्या गटात सध्या ‘ये बँक्स अँड ब्रेज’ चालू आहे. सुरुवातीचा अर्धा भाग एकच सोप्रानो गाते, दुसरं कुणी तोंड उघडत नाही. मग बास आणि टेनर सा-प धरतात, मिटल्या ओठांनी नाही, उघड्या ‘आ’ने, आणि श्वास आळीपाळीने घेतात म्हणजे धागा तुटत नाही. दुसऱ्या भागात चाल स्वतःच्याच मागे धावते. सोप्रानो निघाल्या की एका आवर्तनाने आम्ही आल्टो तीच ओळ उचलतो. हे जमतं कारण या पाच सुरांत लगतच्या अर्ध्या अंतराची एकही जोडी नाही. कुठलाही सूर कुठल्याही सुरावर पडला तरी खुपत नाही. अरेंजमेंट करणाऱ्याला चालीने दिलेलं हे वरदान आहे, आणि म किंवा नी आत आणला की ते हातचं जातं.

सगळ्यांत जास्त वेळ ध खातो. ध-सा-ग या कॉर्डमध्ये तो सा आणि गशी जुळायला हवा, तेव्हा तो किंचित उतरलेला असतो. रे-ध या मोकळ्या जोडीत तोच ध किंचित चढा हवा. पियानोवर दोन्हीसाठी एकच पट्टी, त्यामुळे हा प्रश्न उठतच नाही. गळ्यात मात्र उठतो. लागोपाठ या दोन कॉर्ड आल्या आणि आल्टोंनी ध जागच्या जागी धरून ठेवला, की रे त्याच्याशी जुळवून घ्यायला खाली येतो, मग प, मग सा, आणि गाणं संपेपर्यंत सगळा गट चांगला खाली उतरलेला असतो. म्हणून मी तिथे आमच्या ओळीला ध दोनदा लिहिला आहे, मध्ये प घालून, म्हणजे दुसरा ध नव्याने उचलला जातो. आजोबांनी सोल्फाच्या वहीत काही अक्षरांवर छोटे बाण केले होते, वर आणि खाली. तीच खूण मी आता वापरते.

गटातले बास गाणारे एक काका शिपयार्डात आयुष्य काढलेले. त्यांच्या वडिलांकडे ऑर्फियसच्या तबकड्या होत्या. शेवटच्या ओळीआधी प-नी-रे हवंच असा त्यांचा आग्रह. ‘‘त्याशिवाय घरी पोचल्यासारखं वाटत नाही गं,’’ असं ते त्यांच्या ग्लासगोच्या बोलीत म्हणाले. मी नी घालणार नव्हते. बरीच हुज्जत झाली, दोन्ही तऱ्हा गाऊन पाहिल्या. शेवटी सबंध गाण्यात नी एकदाच ठेवला, शेवटून दुसऱ्या शब्दावर, आल्टोकडे, क्षणभर. इतका वेळ न आलेला सूर एकदाच आला की काय होतं, ते त्यांच्यामुळे मला ऐकायला मिळालं. तो तिथे राहणार आहे.

यानंतर ग्रेग-डंकन संग्रहाकडे वळायचं आहे. ॲबर्डीनशायरातले शाळामास्तर गॅव्हिन ग्रेग आणि पाळक जेम्स डंकन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीन हजारांवर गाणी शब्दांसह, चालींसह टिपली. ग्रेग १९१४ला गेले. सगळा संग्रह आठ खंडांत छापून पुरा व्हायला १९८१ ते २००२ इतका काळ लागला. त्यात बॉथी गाण्यांचा मोठा भरणा आहे. सहा-सहा महिन्यांच्या कराराने शेतावर राहणाऱ्या गड्यांची ही गाणी: मालक कसा चिक्कू, जेवण कसं निकृष्ट, घोड्यांच्या जोड्या कुठल्या. रात्री गड्यांच्या खोलीत बसून, पायाने ठेका धरून म्हटलेली. त्यांना चार आवाज पेलणार नाहीत. कडवं एकाने म्हणायचं, पालुपदाला सगळे, आणि पालुपदाच्या शेवटच्या दोन शब्दांवर बासने खालचा प धरायचा, एवढंच मी लिहिणार आहे. बाकी काम पायांचं.